६१७४ हा संख्येचा गुण की दहाच्या पायाचा? डहाणूचे कापरेकर आणि डझनाचा हिशोब

सुरूचं_बन (डहाणू)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी आमच्या डहाणूत झाला. पुढे ते १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. वहीपेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळत राहिले आणि १९४६ साली त्यांना ६१७४ सापडला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

कृती बहुतेकांना ठाऊक असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो आणि तिथेच राहतो: ७६४१ − १४६७ = ६१७४.

मी आठवीला गणित शिकवते. दर जानेवारीत हे फळ्यावर करून दाखवते, मुलं खूश होतात. यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, माणसाला बारा बोटं असती तर पण ६१७४च आला असता का?" मला हा प्रश्न त्या जादूपेक्षा मोलाचा वाटतो. ६१७४ची पोस्ट दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, "अद्भुत!" म्हणून पुढे ढकलली जाते आणि तिथेच संपते. ते का होतं, कुठे होतं, कुठे होत नाही, हे आठवीच्या मुलांना कळू शकतं, आणि त्यांना ते सांगितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कापरेकर आमच्या गावचे म्हणून तर जास्तच.

तर प्रश्न असा: दहाऐवजी दुसरा पाया घेतला, म्हणजे दहा-दहाऐवजी बारा-बाराचे गट करून आकडे लिहिले, तर काय होतं? ज्यांनी यावर हात चालवला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मुलांना दाखवता येईल असं हवं आहे.

बोंडू (वेंगुर्ले)

बाई, प्रश्न एकदम बरोबर. आधी एक गोष्ट वेगळी काढूया. संख्या वेगळी आणि तिचं लिखाण वेगळं. ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. हे कुठल्याही पायात खरं. तितके काजू जमिनीवर ओतले तर त्यांचे सात सारखे वाटे होणारच, तुम्ही आकडा कसाही लिहा. पण "अंक उलटे मांडा" म्हटलं की आपण काजूंना हात लावत नाही, लिखाणाला लावतो. म्हणून पाया बदलला की निकाल बदलणार.

बाराच्या पायात हीच संख्या ३–६–१०–६ अशी लिहिली जाते (३×१७२८ + ६×१४४ + १०×१२ + ६). मधली रेघ मी मुद्दाम टाकतोय, कारण तिथे दहा आणि अकरा हेसुद्धा एकेकटे अंक आहेत. आता हिच्यावर कापरेकरांची कृती करून बघा, ती जागेवर राहत नाही, भटकायला लागते. म्हणजे ६१७४ या संख्येत स्वतःत तसं काही नाही. आणखी एक: दहाच्या पायात ती हर्षद संख्या आहे, म्हणजे तिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. हे नावही कापरेकरांचंच. अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. बाराच्या पायात अंकांची बेरीज २५ होते आणि २५ ने भाग जात नाही. तो गुणही गेला.

रायवळ (देवगड)

मी शिक्षक नाही, बागायतदार आहे. पण बाराचा पाया आमच्याकडे रोज हातात असतो. आंबा डझनावर जातो, पेटी चार डझनी, पाच डझनी. मी काल पॅकिंगच्या शेडमध्ये तीन अंकांवर ही कृती प्रत्यक्ष आंबे मांडून केली. मुलांना अशी दाखवा, कागदापेक्षा लवकर कळेल.

बारा डझनांची एक रास धरायची. संख्या घेतली ८–३–१, म्हणजे ८ राशी, ३ डझन, १ सुटा. उलटी १–३–८. वजा करायला बसलो. सुटा एकच आहे, आठ काढायचे आहेत, म्हणून एक डझन फोडला. १३ सुटे झाले, ८ काढले, ५ उरले. आता डझन दोनच राहिले आणि तीन काढायचे. एक रास फोडली, १४ डझन झाले, ३ काढले, ११ उरले. राशी ७, त्यातली १ काढली, ६. उत्तर ६–११–५.

पुन्हा: ११–६–५ मधून ५–६–११. सुटे ५, एक डझन फोडून १७, त्यातून ११ गेले, ६ उरले. डझन ५ राहिले, रास फोडून १७, ६ गेले, ११ उरले. राशी १०, ५ गेल्या, ५ उरल्या. उत्तर ५–११–६.

आता ५–११–६ चे अंक लावले की परत ११–६–५ आणि ५–६–११. तेच येणार. अडकला! दुसरी तीन-चार उदाहरणं केली, सगळी ५–११–६ ला आली. एकूण आंबे ८५८. दहाच्या पायात तीन अंकांना ४९५ येतो हे मला माहीत होतं. ४–९–५ आणि ५–११–६. सारखेपणा दिसतोय का?

बोंडू (वेंगुर्ले)

दादा, माका हा डझन फोडण्याचा प्रकार खूप आवडला! सारखेपणा आहेच, आणि तो तुमच्या फोडण्यातूनच दिसतो.

बघा, मधला अंक दोन्हीकडे एकच असतो. पण सुट्यांसाठी आपण एक डझन फोडलेला असतो, म्हणून मधल्या जागी नेहमी एकाने कमी पडतं आणि रास फोडावीच लागते. म्हणून मधला अंक कायम "पाया वजा एक" येतो. बारात ११, दहात ९. बाकी सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: सर्वात मोठा आणि सर्वात लहान अंक यांतला फरक. तो फरक "फ" धरा. उत्तराचे अंक होतात: फ − १, पाया − १, पाया − फ. मधला अंक काय होता याला किंमतच उरत नाही.

पुढच्या खेपेला सर्वात मोठा अंक पाया − १ हा आधीच ठरलेला. म्हणून नवा फरक म्हणजे पाया − फ आणि फ − १ यांपैकी जो मोठा तो. फरक मोठा असेल तर दर खेपेला एकेकाने उतरतो, आणि पायाच्या निम्म्यावर आला की थांबतो, कारण फ = पाया − फ. बारात ६, दहात ५. म्हणून अंक: निम्मे वजा एक, पाया वजा एक, निम्मे. आठाच्या पायात ३–७–४, सोळाच्या पायात ७–१५–८. पाया कोणताही सम घ्या, तीन अंकांना थांबा आहेच, आणि एकच आहे.

पागोळी (रत्नागिरी)

आणि विषम असेल तर? निम्मे होतच नाहीत!

बोंडू (वेंगुर्ले)

बरोब्बर. मग दोन फरकांमध्ये हेलपाटे. पाचाच्या पायात करून बघ: २–४–२ वरून १–४–३ येतो, १–४–३ वरून परत २–४–२. कायमचं. (नेहमीच्या आकड्यांत ७२ आणि ४८.) कुठल्याही विषम पायात असंच दोघांचं चक्र, तिसरा कोणी नाही.

सुरूचं_बन (डहाणू)

हे फारच सुंदर आहे. वर्गात आंबे नाहीत तर चिकू घेईन, घोलवड जवळच आहे. "फरक निम्म्यावर येऊन थांबतो" हे वाक्य आठवीच्या मुलांना पूर्ण कळेल. यात बीजगणितसुद्धा नाहीसारखंच आहे.

पण त्या मुलीने चार अंकांचं विचारलं होतं. बाराच्या पायात चार अंकांना ६१७४चा भाऊ आहे का?

आंजर्ले_वारा

चार अंकांवर जाण्याआधी थोडं थांबतो, कारण इथे कोकणातली एक गोष्ट सांगायचीच आहे. कापरेकरांना विद्यार्थी असताना, १९२७ साली, रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं होतं. ज्यांच्या नावाचं ते पारितोषिक, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आमच्या आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचे, जन्म १८७६. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे) झालेले पहिले भारतीय. म्हणजे मुर्डीच्या माणसाच्या नावाचं बक्षीस डहाणूच्या मुलाला. आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांमधून ही दोन नावं एकत्र सांगितली गेली पाहिजेत.

आता प्रश्नाकडे. बाराच्या पायात चार अंकांना असा थांबा नाही. अजिबात नाही. बोंडू यांनी लिहिलेली ३–६–१०–६ घेऊन मी चालत गेलो, शेवटी हे चक्र लागलं:

८–३–७–४, मग ५–२–८–७, मग ६–१–९–६, मग ७–११–११–४, मग ७–३–७–५, मग ४–१–९–८, आणि पुन्हा ८–३–७–४.

सहांचा भोवरा. एकदा आत गेलं की सुटका नाही, आणि एका जागी स्थिरही नाही. त्या मुलीला सांगा, बारा बोटं असती तर कापरेकरांना ६१७४सारखा चार अंकी आकडा सापडलाच नसता.

पागोळी (रत्नागिरी)

मग दहातच असं काय आहे? मी बारावीला आहे, मला हे समजून घ्यायचंय. दहा सम आहे, बारापण सम आहे.

आंजर्ले_वारा

चांगला प्रश्न, नीट उत्तर देतो, वही घेऊन बस.

चार अंक उतरत्या क्रमाने लावले. दोन फरक महत्त्वाचे: बाहेरचा (पहिला वजा चौथा) आणि आतला (दुसरा वजा तिसरा). ७६४१ मध्ये बाहेरचा ७ − १ = ६, आतला ६ − ४ = २. वजाबाकी करताना हातचे कसे जातात ते पाहिलं की उत्तराचे अंक असे मिळतात:

बाहेरचा, आतला − १, पाया − १ − आतला, पाया − बाहेरचा.

६ आणि २ घालून बघ: ६, १, ७, ४. आला! (आतला फरक शून्य असेल तर मांडणी थोडी वेगळी होते, ती सवडीने तूच काढ.)

थांबा मिळायचा तर या नव्या अंकांतून पुन्हा तोच बाहेरचा आणि तोच आतला फरक निघायला हवा. ६१७४ मध्ये सर्वात मोठा ७ आणि सर्वात लहान १. हे दोघेही "आतल्या"पासून तयार झालेले अंक आहेत. त्यांची वजाबाकी म्हणजे पाया − २ × आतला. तीच बाहेरच्या फरकाएवढी हवी. उरलेले दोन, ६ आणि ४, "बाहेरच्या"पासून झालेले. त्यांची वजाबाकी २ × बाहेरचा − पाया, ती आतल्याएवढी हवी. पहिलं समीकरण दुसऱ्यात घाल. शेवटी एवढंच उरतं:

पाया = ५ × आतला.

म्हणजे पायाला पाचाने भाग गेला पाहिजे. दहाला जातो, बाराला जात नाही. आतला फरक पायाचा पाचवा हिस्सा, बाहेरचा तीन पंचमांश. दहाचा पाचवा हिस्सा २, तीन पंचमांश ६. ६१७४ हे त्या २ आणि ६ चं दहाच्या पायातलं रूप आहे.

कोणते अंक टोकाला आणि कोणते मधे, याच्या बाकीच्या शक्यताही तपासल्या. त्यांतून फक्त दोनाचा आणि चाराचा पाया येतो (चारात ३–०–२–१), आणि पाच परत एकदा. याखेरीज काही नाही. पाचाहून मोठा पाया असेल तर चार अंकी थांबा हवाच असेल तर पाचाची पट हवी. सोळा नाही, बारा नाही, आठ नाही.

पागोळी (रत्नागिरी)

केलं! पाचाच्या पायात ३–०–३–२ येतो. ३–३–२–० मधून ०–२–३–३ वजा केले, तेच आले. पंधरात ९–२–११–६. वीसात १२–३–१५–८. सगळे जुळतात.

जुनी_वखार (मालवण)

वीस वाचून मी जागा झालो. माझ्या लहानपणी आमची आजी सगळं विसांवर मोजायची. तीन विसा आणि चार म्हणजे चौसष्ट. कोडी म्हणजेही वीसच. तिच्या मोजण्यातला ६१७४ म्हणजे १२–३–१५–८ तर! नेहमीच्या आकड्यांत ९७,५०८.

एक शंका. मी रुपये-आणे-पैमध्येही ही कृती करायला बसलो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधीचा हिशोब माझ्या अंगवळणी पडलेला. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. पण तिथे घोळ होतो. १४ आणे असले आणि अंक उलटवले तर १४ पै होतात, आणि १४ पै म्हणजे १ आणा २ पै. अंक अंकच राहत नाही.

बोंडू (वेंगुर्ले)

काका, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. अंकांची अदलाबदल करायची तर प्रत्येक घराची क्षमता सारखी हवी. आणे-पैमध्ये घरं वेगवेगळ्या मापाची, म्हणून तिथे ही कृती बसत नाही. दहात, बारात, वीसात सगळी घरं एका मापाची.

रायवळ (देवगड)

वीसाच्या पायात कुठलीही संख्या घेतली तरी ९७,५०८ लाच येते का? आंब्यावर करायला लाखभर आंबे लागतील, म्हणून विचारतो.

आंजर्ले_वारा

नाही, आणि इथेच दहाचं वेगळेपण पुन्हा दिसतं. थांबा असणं ही एक गोष्ट, आणि सगळ्या वाटा तिथेच जाणं ही दुसरी. वीसाच्या पायात १२–७–११–८ पासून निघा:

५–२–१६–१५, १४–९–९–६, ७–१९–१९–१२, १२–६–१२–८, ६–३–१५–१४, आणि परत १२–७–११–८.

म्हणजे वीसात स्थिर जागाही आहे आणि शेजारी सहांचा भोवराही आहे. कुठून निघालात त्यावर ठरतं. पंधरातही तसंच: ११–०–१३–४ आणि १३–६–७–२ एकमेकांकडे फिरत राहतात, ९–२–११–६ कडे येतच नाहीत.

सगळ्या वाटा एकाच जागी नेणारे पाये कोणते, याचा पूर्ण निकाल हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांनी १९७८ साली दिला: पाच, दहा, चाळीस, एकशेसाठ, असं पुढे दर खेपेला चौपट (पाच सोडून). हासे म्हणजे विसाव्या शतकातले संख्या-सिद्धांतातले मोठे जर्मन गणिती. देवळालीच्या मास्तरांच्या वहीतल्या प्रश्नावर त्यांनी काम केलं, हे मुलांना जरूर सांगा.

सुरूचं_बन (डहाणू)

माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. एक गोष्ट माझ्याकडूनही जोडते. सगळ्याच पायांत टिकणारं काही आहे का, हे मी शोधत होते. तर आहे. अंक उलटसुलट करून वजाबाकी केली की उत्तराला "पाया वजा एक"ने नेहमी भाग जातो. दहात ९ ने: ६१७४ = ९ × ६८६. बारात ११ ने: ८५८ = ११ × ७८. वीसात १९ ने: ९७,५०८ = १९ × ५१३२. कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच, अंकांची बेरीज तीच, म्हणून पाया वजा एकने भागल्यावर बाकीही तीच. सहावीतली नऊची कसोटी म्हणजे हेच.

कापरेकर संख्यांचंही तसंच. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. हे दहापुरतं. पण पाया वजा एक ही संख्या प्रत्येक पायात कापरेकर संख्या असतेच. दहात ९ चा वर्ग ८१, ८ + १ = ९. बारात ११ चा वर्ग १२१, तो तिथे १०–१ असा लिहितात, १० + १ = ११. आणि हर्षद म्हणाल तर १, २, ४ आणि ६ या चारच संख्या सर्व पायांत हर्षद आहेत.

वर्गात क्रम असा ठेवणार आहे: पहिल्या दिवशी ६१७४ नाहीच. आधी तीन अंक, डझन फोडून. मग मुलांनीच आठाचा आणि सोळाचा थांबा आधी सांगायचा आणि नंतर वजाबाकी करून पडताळायचा. ६१७४ त्यानंतर, पाचवा हिस्सा समजावून.

पागोळी (रत्नागिरी)

बाई, पाच अंकांचं काय? मी दहाच्या पायात ५३९५५ वर अडकले. त्यातून ५९९९४ येतो आणि परत ५३९५५.

आंजर्ले_वारा

दहात पाच अंकांना एकही थांबा नाही, नुसती चक्रं. तुझं दोघांचं आहे, शिवाय चौघांची दोन आहेत. त्यातलं एक ६१९७४ वरून सुरू करून शोध. सहा अंकांना मात्र दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४. पाच अंकांत मधला अंक तीन अंकांसारखाच गळून पडतो, तिथून सुरुवात कर. बाराच्या पायात पाच अंकांचं काय होतं ते मी अजून हाताने केलेलं नाही. तू केलंस तर इथेच टाक, वजाबाक्यांसकट.